अंबील दिली नाही

गेल्या येळवसेच्या दिवशी दुपारी पावणेतीन वाजता माझी थोरली बहीण, अक्का, वारली. बारा नंबरच्या खाटेवर. मी उशाशी होते. वॉर्डात सहा मुली ड्युटीवर होत्या. सहाही माझ्या विद्यार्थिनी होत्या.

उद्या पुन्हा येळवस. आमच्याकडे, बीदर-कलबुर्गीच्या सीमेवर, मार्गशीर्षातल्या या अमावस्येला गावं रिकामी होतात. सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा मांडायची, बाजरीचे उंडे आणि हिरव्या दाण्यांची भज्जी खायची, वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून वाढायचं. अंबील आदल्या दिवशीच मडक्यात लागते. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं. ती आंबू लागली की एक वास सुटतो. शेजारच्या घरातून तो आत्ता येतो आहे. मी खिडक्या लावून बसले आहे, तरी येतो आहे. लहानपणी या वासाने मला भूक लागायची. आता मळमळतं. दोनदा उठून चूळ भरून आले.

आज टेबलावर एकोणीस वह्या होत्या. त्यांवर सह्या करायच्या होत्या, कारण येळवस झाली की प्रॅक्टिकल परीक्षा. आमच्या कॉलेजात हा हंगाम असाच येतो. बाहेर तुरी वाळून खडखडायला लागतात आणि आत वह्या पुऱ्या करायची घाई सुटते.

मी नर्सिंग शिकवते, बारा वर्षं झाली. मुलींच्या वहीत प्रत्येक कामाचा आकडा ठरलेला असतो. अंग पुसणं पाच वेळा, तोंडाची स्वच्छता पाच वेळा, कूस बदलणं पाच वेळा. शेवटच्या पानावर मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा, एकदा. प्रत्येक नोंदीखाली माझी सही. शेवटचं पान सगळ्यांना जड जातं, कारण आमच्या दवाखान्यात माणसं सहसा मरत नाहीत. डॉक्टरांनी हात टेकले की नातेवाईक जीप बोलावतात आणि माणसाला घरी नेतात, आपल्या जमिनीवर. मग मुलींना केस मिळत नाही. केस मिळणं, हा आमचा शब्द. मीही तोच वापरत आले. मिळाली नाही तर सीनियरच्या वहीत बघून लिहा, पण तारीख बदला, असं मीच सांगायचे. तारखेचं बजावून सांगायचे.

शिकवण्याचंही तसंच. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची काळजी हे प्रकरण पुस्तकात शेवटी आहे, म्हणून वर्षाच्याही शेवटी येतं, आणि वर्ष दरवेळी अपुरं पडतं. मी ते एका तासात उरकते. व्याख्या, उद्दिष्टं, शोकाच्या पायऱ्या. मुली माना खाली घालून लिहितात.

"मॅडम, हे किती मार्काला?"

"पाच."

"मग पायऱ्या तेवढ्या परत सांगा."

मी परत सांगते. त्यात एक ओळ मी अधोरेखित करायला लावते: नीट गिळता न येणाऱ्या रुग्णाला तोंडावाटे काहीही देऊ नये, ते श्वासनळीत जातं. ओळ चुकीची नाही. अशा माणसाचे ओठ आणि जीभ सतत ओली ठेवावी, शेवटच्या घटकेला त्याला हवं ते चवीपुरतं द्यावं, हे पान उलटल्यावर येतं. पान उलटेपर्यंत घंटा झालेली असते. बारा वर्षांत मी ते पान एकदाही वर्गात वाचलेलं नाही.

प्रयोगशाळेत रबराची एक बाई आहे. मुली तिला गौरक्का म्हणतात. तिचं तोंड कायम उघडं, जीभ कायम गुलाबी. कापसाचा बोळा चिमट्यात धरून मुली तिचं तोंड पुसतात, गाल, हिरड्या, जीभ, पुस्तकातल्या क्रमाने. गौरक्का तोंड फिरवत नाही, ओकत नाही. तिच्या तोंडाला वास येत नाही. मुली तिच्यावर फार माया करतात, संक्रांतीला तिला टिकलीही लावतात.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिला मुडबीला दिलं होतं. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा, म्हणून पुढे मी तिच्याकडे राहून शिकले. याच दिवसांत तिच्या खळ्यावर तूर बडवायचं काम चाले. तुरीची धूळ मानेवर चिकटते, घामाने खाजते, डोळे चुरचुरतात. ती बडवत असायची आणि मी बाजूला पुस्तक घेऊन बसलेली. मनात वाचलेलं तिला खपत नसे.

"मोठ्यानं वाच की. हाताला काम हाय, कानाला काय हाय?"

मी वाचायचे. भूगोल वाचला तरी ती ऐकायची.

तिची सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. बाहेरच्या खोलीत दोन वर्षं. अक्का तिचं सगळं करायची. मऊ धडप्याचं, जुन्या लुगड्याच्या फडक्याचं, टोक बोटाला गुंडाळून, पाण्यात बुडवून, ती म्हातारीच्या तोंडातून फिरवायची. म्हातारी डोळे मिटून ते बोट चोखायची. मी दारातूनच बघायचे, नाक दाबून. खोलीत मुताचा, जुन्या गोधडीचा, कुजल्या दातांचा वास असायचा.

"किळस येतीया व्हय गं सुमे?" अक्का विचारायची. "येऊ दे. जाती ती दोन-चार दिसांत. ये, धर इकडून."

मी गेले नाही. पुस्तक घेऊन अंगणात बसले. दोन वर्षांत एकदाही मी त्या म्हातारीला हात लावला नाही. पुढे मी नर्सिंगला गेले, पहिली आले, आणि लवकरच वॉर्ड सोडून शिकवायला लागले.

अक्काच्या पोटात गाठ निघाली तेव्हा उशीर झाला होता. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. दाजी, म्हणजे तिचा नवरा, तिला घरी न नेता आमच्या दवाखान्यात घेऊन आले. "घरी दुखाय लागल्यावर आमी काय करावं?" ते मला म्हणाले. "हितं तू हायस. तुज्या पोरी हायत." ते ऐकून मला बरं वाटलं होतं. खरं लिहायचं तर अभिमान वाटला होता.

पहिल्या दिवशी सहाही मुली आल्या. पडदा ओढला, कोमट पाणी आणलं, अक्काचं अंग पुसलं, पाठीला पावडर लावली, वेणी घातली. अक्का न्हालेल्या लेकरासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशीही आल्या. असे पाच दिवस. सहाव्या दिवशी कुणी आलं नाही. सातव्या दिवशीही नाही. संतपूरची भाग्यश्री रक्तदाब बघायला आली, तेव्हा अक्काने तिला धरलं.

"काय गं, कालपासनं पाणी घिऊन कुणीच येईना. कामून?"

"आमचे झाले ना आज्जी. पाच झाले."

"तुमचं झालं. माजं व्हायचंय की."

भाग्यश्री हसली. मीही हसले. अक्काचा विनोद म्हणून मी तो स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलासुद्धा. मुलींनी पाचानंतर हात आखडले ते मला तेव्हा टोचलं नाही. आकडा पुरा झाला की काम पुरं झालं, हे मला इतकं अंगवळणी पडलेलं होतं. त्या दिवसापासून मी संध्याकाळी जाऊन तिचं अंग पुसत असे, पण घाईने, आणि श्वास रोखून.

दुखण्याचाही आकडा होता. मुली विचारायच्या, "आज्जी, दहापैकी किती दुखतंय?"

"मला परीक्षेला बसवायलीस व्हय?"

"सांगा की, लिहायचंय."

"तूच लिव्ह. तुला किती बरं दिसतंय?"

मुली पाच लिहायच्या. मी चार्ट बघितला. अक्का गुडघे पोटाशी घेऊन खाटेची दांडी धरून असायची तेव्हाही पाच, आणि झोपलेली असायची तेव्हाही पाच. जोराच्या दुखण्यावरची गोळी आमच्या दवाखान्यात ठेवत नाहीत, तिला कागदपत्रं फार लागतात. ती मागवायची तर चार्टवर आठ-नऊ दिसायला हवं होतं. पाचाला कोण मागवतो? मी डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी चार्ट माझ्यापुढे धरला. "मॅडम, तुमच्याच मुलींनी लिहिलंय." गोळी आली, पण तीन दिवसांनी. ते तीन दिवस मी इथे लिहिणार नाही.

मग येळवस आली. स्टाफच्या सिस्टर सकाळीच आपापल्या शेतांवर गेल्या. एक होती, तीही दुसऱ्या वॉर्डात. आमच्या वॉर्डात फक्त सहा मुली. फिनेल मारलेलं, पंखे बंद, अर्ध्या खाटा रिकाम्या. दाजींनाही जावंच लागलं, कोपीतली पूजा घरच्या मालकाच्या हातची लागते. निघताना त्यांनी अक्काला विचारलं, "काय आणू?"

अक्काचा आवाज तोवर फार बारीक झाला होता. "अंबील," ती म्हणाली. "आपल्या मडक्यातली."

दुपारी मी पडद्याआड तिच्या उशाशी बसले होते. पलीकडे टेबलाजवळ मुली बोलत होत्या.

"बारा नंबर आज होतंय का गं?"

"सिस्टर म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत."

"झालं म्हणजे सुटले बाई. माझं तेवढंच पान राहिलंय. त्या दिवशी सात नंबर मिळत होती, तर घरी घेऊन गेले."

"सगळ्यांनी एकच केस लिहायची?"

"मग काय सहा जण मरायची वाट बघतीस? तारीख बदलायची, मॅडमच म्हणाल्यात."

कुणीतरी हसलं. मग भाग्यश्रीचा आवाज, दबका, "ए, हळू. मॅडम आत हायत."

उठावं, पडदा ओढावा आणि एकेकीला बाहेर काढावं असं वाटलं. उठले नाही. त्या माझीच वाक्यं बोलत होत्या.

अक्काचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही.

"सुमे," ती म्हणाली, "बारा नंबर म्हंजे मीच की."

मी तिचा हात धरला.

"पोरींचं अडलंय जणू माज्यापायी."

तिची जीभ पांढरी पडली होती, टाळूला चिकटत होती. ओठांच्या कडांना सालपटं. तोंडाला तोच वास होता, मुडबीच्या बाहेरच्या खोलीतला. त्या दिवशी सकाळपासून कुणीही तिचं तोंड पुसलं नव्हतं. तेही पाच झाले असणार. मी ट्रे आणला, चिमट्यात बोळा धरला आणि क्रमाने सुरू केलं, गाल, हिरड्या, जीभ. तिने तोंड फिरवलं. हिरडीतून रक्ताची बारीक रेघ आली.

"हळू गं," ती म्हणाली. "भांडं घासायलीस काय?"

जिवंत माणसाच्या तोंडात मी बारा वर्षांत हात घातला नव्हता. माझा हात गौरक्कावर तयार झालेला होता.

अडीच वाजता दाजी आले. धोतराला काळी माती, हातात लोटा, वर केळीच्या पानाचं झाकण. पान काढलं तसा वॉर्डभर वास पसरला. अक्काच्या नाकपुड्या हलल्या. तिने डोळे उघडले. दाजींनी उपरण्याने बोट पुसलं, अंबीलीत बुडवलं आणि तिच्या ओठांकडे नेलं, वासराला चाखवतात तसं.

"काका, नको," भाग्यश्री पडद्यात उभी होती. "तोंडानं काही द्यायचं नाही त्यांना. श्वासनळीत जातं." आणि तिने माझ्याकडे बघितलं. पाठ केलेलं म्हणून दाखवल्यावर मुली बघतात, तसं.

दाजींचं बोट हवेत थांबलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं. "सुमन, दिऊ का नको?"

अक्का बघत होती. तोंड थोडं उघडलेलं होतं.

"थांबा, दाजी," मी म्हणाले. "डॉक्टरांना विचारते."

डॉक्टर फोनवर सापडले नाहीत. तेही कुणाच्या तरी शेतात जेवत असतील. दाजींनी बोट उपरण्याला पुसलं आणि लोटा लॉकरवर ठेवला. पावणेतीनला अक्काचा श्वास थांबला. काही श्वासनळीत गेलं नव्हतं. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं.

नंतर जे झालं त्याची मला अजून शिसारी येते. मुली आत आल्या आणि त्यांचे हात एकदम सराईत झाले. डोळे मिटवले, हनुवटीला पट्टी बांधली, नाकात कापूस घातला, पायांचे अंगठे बांधले, चादर कोपरे काढून नीट घातली. एकही चूक नाही. सकाळपासून जिला पाणी लावायला कुणाचे हात धजले नाहीत, ती आता गौरक्कासारखी झाली होती, म्हणून त्यांना ती जमत होती. एकीने घड्याळ बघून विचारलं, "मॅडम, टाइम किती लिहू?" मी सांगितला. मीच सांगितला, आणि सेकंदही सांगितले.

दाजी तिला मुडबीला घेऊन गेले. लोटा लॉकरवरच राहिला. दुसऱ्या दिवशी आयाने तो माझ्या हातात दिला. अंबील फुगून वर आली होती, कडेला मुंग्या.

पंधरा दिवसांनी सहा वह्या सहीला आल्या. शेवटच्या पानावर सहाही जणींची तीच केस. सहा तारखा. 'रुग्णाच्या तोंडाची स्वच्छता केली. कूस बदलली. नातेवाइकांना धीर दिला. रुग्ण शांतपणे गेला.' वह्या इंग्रजीत असतात, मी मराठीत सांगते आहे. भाग्यश्रीच्या वहीत एक वाक्य जास्त होतं: 'रुग्णाने अंबील मागितली, परंतु धोका ओळखून दिली नाही.' मी सहाही वह्यांवर सह्या केल्या. तेरावा होऊन दोनच दिवस झाले होते, डोकं चालत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. डोकं चालत होतं. मला वाद नको होता.

आणि आज त्या एकोणीस वह्या. नव्या बॅचच्या. पहिली वही उघडली आणि शेवटच्या पानावर अक्का सापडली. वय बदललेलं, खाट बदललेली, तारीख तर बदललेलीच. पण 'रुग्णाने अंबील मागितली, परंतु धोका ओळखून दिली नाही.' दुसऱ्या वहीत तेच. तिसऱ्यात तेच. दूरच्या गावाहून आलेल्या एकीने अंबील म्हणजे काय ते न कळून 'पेज' केलं आहे. एकीने अक्काला पुरुष केलं आहे. एकोणीस वेळा माझी बहीण तोंड उघडून बघते आहे, आणि एकोणीस वेळा धोका ओळखला जातो आहे. सुंदर अक्षर, लाल शाईने मारलेल्या रेघा.

संध्याकाळी भाग्यश्री वह्या न्यायला आली. ती आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा बाहेरचे परीक्षक येणार म्हणून प्राचार्यांनी तिला पाठवलं होतं. मी पहिली वही तिच्यापुढे उघडली.

"हे तुझं वाक्य."

तिने वाचलं. "व्हय मॅडम. गेल्या वर्षी एक्स्टर्नलना लय आवडलं. म्हणून सगळ्या घेतात."

"आवडलं?"

"म्हणाले, ही मुलगी विचार करते."

बाहेर शेजारीण कुणाला तरी उंड्यांचं पीठ मळायला सांगत होती. भाग्यश्री पदराचा काठ बोटाला गुंडाळत उभी होती. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? रागवू नका. आज्जींना द्यायला पायजे होती का?"

बारा वर्षांत त्या प्रकरणावर मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न, जो मार्कांचा नव्हता.

"व्हय," मी म्हणाले. "बोट बुडवून. ओठाला लावायला पाहिजे होती."

"मग तुम्ही कामून थांबा म्हणालात?"

"मला येत नव्हतं म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत किळस होती का, ते मी नीट बघितलं. असती तर बरं झालं असतं.

तिच्यासमोरच एकोणीस वह्यांतलं ते वाक्य मी खोडलं आणि खाली लिहिलं की हे खोटं आहे, ही केस या मुलीने पाहिलेली नाही. सही केली नाही. वह्या अजून का येत नाहीत म्हणून प्राचार्यांचा फोन आला, तेव्हा मी सांगितलं. ते चिडले नाहीत. "मॅडम, तुमच्या घरचं दुःख आहे, समजतं. पण पोरींचं वर्ष जाईल. पान बदलून घेऊ, सही दुसऱ्या मॅडम करतील." म्हणजे पानं बदलतील, आणि अक्का पुन्हा एकोणीस वेळा उपाशी मरेल, या वेळी दुसऱ्या कुणाच्या सहीने.

वह्या उचलताना भाग्यश्री दारात थांबली. म्हणाली, वॉर्डात सात नंबरला मंठाळचा एक म्हातारा आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, घरचे त्याला न्यायला येत नाहीत, उद्या सगळ्या सिस्टर शेतावर जाणार.

"मी जाणार आहे," मी म्हणाले. "येतीस?"

"वही आणू?"

"वही नको. नखं कापून ये."

ती गेली. उद्या येईल की नाही, मला माहीत नाही.

सह्या झालेल्या नाहीत. सात नंबरचा म्हातारा अजून आहे. लोटा माझ्या स्वयंपाकघरात आहे, दाजींनी तो परत मागितला नाही. मी तो पुष्कळदा घासला आहे. त्याचा वास जात नाही. उद्या शेजारणीकडून त्यात थोडी अंबील मागून घ्यायची आहे.